थंडीचं जळण वैशाखात तयार होतं

पुण्याहून ग्वाल्हेरला, तिथल्या लष्कर या जुन्या शहरभागातल्या जनकगंजात एका जुन्या दगडी वाड्यात राहायला आलेल्या ताईंनी विचारलं आहे: "घरात सासूबाई आहेत, वय पंचाहत्तरीच्या पुढे, दम्याचा त्रास. मागच्या जानेवारीत थंडीनं त्यांचे फार हाल झाले. अंघोळीच्या पाण्यासाठी जुना तांब्याचा बंब आहे. यंदा माजघरात धुराडं असलेली लोखंडी शेगडी बसवायचा विचार आहे. लाकूड कोणतं घ्यावं, किती लागेल, कधी घ्यावं, ठेवावं कसं? दसरा नुकताच झाला, म्हणजे अजून वेळ आहे ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पुढच्या वर्षीच्या थंडीसाठी भरपूर वेळ आहे. यंदासाठी मात्र ओलं लाकूड आणून सुकवायला वेळ उरलेला नाही. दिवाळीत आणलेली ओली बाभूळ संक्रांतीला ओलीच असते. तेव्हा यंदा फक्त वाळलेलं लाकूड पारखून घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि पुढच्या वर्षीचं लाकूड येत्या माघात-फाल्गुनात आणून टाका.

माझा सगळा जन्म लाकडाच्या टालीवर, म्हणजे जळाऊ लाकडाच्या वखारीत गेला, आणि आता धुराड्याच्या शेगड्या बसवून देण्याचं कामही करतो. गिऱ्हाईक येतं ते "कोणतं लाकूड चांगलं" असं विचारत. मी त्याला आधी लाकडात पाणी किती आहे ते बघायला सांगतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के पाणी असू शकतं. त्या पाण्याची वाफ झाल्याशिवाय लाकूड पेटत नाही, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता जाते. ती तुमच्याच जळणातून जाते, खोलीला मिळत नाही. नीट वाळलेल्या, म्हणजे २० टक्क्यांच्या आत पाणी राहिलेल्या एका किलो लाकडातून साधारण ३,५०० किलोकॅलरी मिळतात. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून २,००० सुद्धा मिळत नाहीत. शिवाय ओल्या लाकडाचा जाळ थंड असतो. त्यातून निघणारा वायू पुरता जळत नाही, धूर होतो, आणि तो धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा चिकटून बसतो. पुढे कधीतरी तोच थर पेट घेतो. सासूबाईंच्या छातीसाठीही खरा फरक इथेच पडतो: झाडाची जात कोणतीही असो, ओलं जळण म्हणजे धूर.

आता ग्वाल्हेरकरांना निसर्गानं दिलेल्या देणगीबद्दल. इंटरनेटवर तुम्ही वाचलं असेल की लाकूड एक-दोन वर्षं सुकवावं लागतं. ते गणित थंड आणि दमट देशांचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुपारच्या हवेत ओलावा २० टक्क्यांच्याही खाली असतो आणि वरून लू, म्हणजे उन्हाळ्यातला उष्ण वारा, वाहते. ज्या उन्हाळ्याला आपण नावं ठेवतो, तो लाकूड सुकवण्यासाठी जगातल्या उत्तम भट्ट्यांपैकी एक आहे. फेब्रुवारीत तोडून फोडलेली बाभूळ नौतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) सरेपर्यंत १५ टक्क्यांच्या खाली येते. एवढं फुकटात होत असताना कार्तिकात ओलं लाकूड विकत घेऊन डिसेंबरभर फुंकणी फुंकत बसणारी घरं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

फेब्रुवारीच का? थंडीत झाड संथ असतं, आणि लाकूड ओलं असतानाच फोडायला सोपं जातं. बाभूळ एकदा वाळली की लोखंडासारखी होते, मग पाचर आणि घण घेऊनही तासभर झुंजावं लागतं. म्हणून टालवाल्याला सांगा, ओंडके नकोत, फोडून हवेत. प्रत्येक तुकडा साधारण एक फूट लांब, जाडी मनगटापासून फार तर चार बोटं अधिक. लाकडातलं पाणी सालीतून फारसं बाहेर पडत नाही, ते कापलेल्या टोकांतून रेषेरेषेनं बाहेर येतं. त्यामुळे आखूड आणि फोडलेला तुकडा झपाट्यानं वाळतो. सालीसकट गोल राहिलेला ओंडका दोन उन्हाळे काढूनही आत ओला सापडतो.

खरेदी करताना एक हिशेब डोक्यात ठेवा. आपल्याकडे लाकूड वजनावर मिळतं. ४० टक्के पाणी असलेलं १ क्विंटल लाकूड घेतलंत तर त्यात खरं लाकूड ६० किलो. तेच वाळून १५ टक्क्यांवर आलं की काट्यावर ७० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे ओल्याचा भाव वाळलेल्याच्या सात दशांश असेल तरच सौदा बरोबरीचा, त्याहून कमी असेल तर तुमचा फायदा. टालवाल्याशी हे मोकळेपणानं बोला. चांगला टालवाला कोणता ढीग कधी आला ते सांगतो. सांगायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी टाल बघा.

जातींबद्दल थोडक्यात. देशी बाभूळ सर्वांत भरवशाची: जड, निखारा टिकाऊ, धूर कमी. तिच्या जोडीला विलायती बाभूळ. चंबळच्या बिहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींच्या ओसाड मुलखात, माती धरून ठेवण्यासाठी ऐंशीच्या दशकात विमानातून हिचं बी टाकलं होतं, आणि आज ती इतकी माजली आहे की तोडणाऱ्याला कुणी दोष देणार नाही. जळायला देशीच्या तोडीस तोड आहे, फक्त काटे विषारी लागतात, हाताळताना जाड बूट आणि हातमोजे हवेतच. शिसव आणि खैर मिळाले तर उत्तम, पण ते इमारतीच्या नाहीतर काताच्या कामाचं लाकूड, सहसा फांद्याच मिळतात. कडुलिंब चालतो, मात्र पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर घरभर कडवट वास. आंबा लवकर पेटतो आणि लवकर संपतो, सकाळी घाईच्या वेळी बरा. निलगिरीचे तंतू पिळलेले असतात, ती फोडताना माणूस जेरीस येतो. वड, पिंपळ, उंबर आपण जाळत नाहीच, आणि जळण म्हणूनही ती हलकीच. करधई मात्र मागू नका. शिवपुरी-श्योपूरकडच्या जंगलात हवेतल्या नुसत्या ओलाव्यानं हिरवी होणारी ही झाडं तिथेच राहावीत असं मला मनापासून वाटतं. सायकलवर मोळी बांधून दारावर कुणी ते विकायला आलं तर ते जंगलातून तोडून आणलेलं असण्याचीच शक्यता जास्त. टालीवरून पावतीनं घ्या. आणि वाड्याच्या अंगणातलं झाड तोडायचा विचार असेल तर मध्य प्रदेशात शहरी हद्दीतल्या झाडांसाठी २००१ चा कायदा आहे, आधी परवानगी काढावी लागते.

काही गोष्टी कधीच जाळायच्या नाहीत. प्लायवूड, रंग दिलेल्या जुन्या खिडक्या-दारं, सनमायका चिकटवलेले तुकडे, रेल्वेचे जुने स्लीपर. यांत गोंद, शिसं, डांबर असं काहीबाही असतं आणि धूर थेट फुप्फुसात जातो. बागेतली कण्हेर छाटली असेल तर तिच्या काड्या चुकूनही जळणात जाऊ देऊ नका. कण्हेरीचा धूरही विषारी असतो.

किती लागेल? तुमच्याकडे कडाका नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण ७५ ते ८० दिवस. बंद दाराची लोखंडी शेगडी संध्याकाळी चार-पाच तास पेटवलीत तर तासाला दीड ते दोन किलो, म्हणजे दिवसाला ८ किलोच्या आसपास. हंगामाचे ६ ते ६.५ क्विंटल झाले. बंबाचं असं: ६० लिटर पाणी १२ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे २,००० किलोकॅलरी लागतात. बंबात वाया जाणारी उष्णता धरून रोज दोन ते अडीच किलो वाळलेलं लाकूड पुरतं. त्याचे दोन क्विंटल. मावठा, पाहुणे, लांबलेलं धुकं यांसाठी थोडं हाताशी धरा. वाळलेलं १० क्विंटल असलं की निश्चिंत. फेब्रुवारीत ओलं घेताना तेच १४ क्विंटल घ्यावं लागेल. हे सगळं एका खोलीचं गणित आहे. वाड्याच्या दगडी भिंती उष्णता पिऊन घेतात, अख्खा वाडा गरम करायला गेलात तर टाल रिकामी होईल. आतली, कमी उंचीची, एकच दार असलेली खोली निवडा, दाराला जाड पडदा लावा, सासूबाईंचं बसणं-उठणं, जेवण तिथेच ठेवा.

आता रचायचं कसं. १० क्विंटल वाळलेलं लाकूड एक फूट खोल आणि चार फूट उंच रचलं तर वीसेक फुटांची रांग होते. ओलं असताना थोडी मोठी. ही रांग एकेरीच हवी, एकामागे एक थर लावले की मधली लाकडं वाळत नाहीत. खाली दगडाच्या फरशीचे तुकडे किंवा विटा टाका, लाकूड जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी पहिल्यांदा तिथूनच चढते. भिंतीपासून निदान वीतभर अंतर. कापलेली टोकं पश्चिमेकडे करा, लू त्यांच्यावर आदळली पाहिजे. वाड्याचा बंदिस्त चौक मोह पाडतो, पण तिथे वारा फिरत नाही. परसदार किंवा बाजूचा बोळ असेल तर तिथे रचा.

गच्चीचा विचार तुमच्या मनात आलाच असेल, कारण ऊन तिथेच जास्त. जुन्या वाड्याची गच्ची म्हणजे दगडी पटियांची, म्हणजे लांब दगडी फरश्यांची, पाटण. ती माणसांच्या वावरासाठी घातलेली असते. १४ क्विंटल म्हणजे १,४०० किलो, तेही एका रांगेत. पटिया वाकत नाही, इशारा देत नाही, एकदम मोडते. गच्चीवर लाकूड रचू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, सक्त ताकीद समजा.

पावसाळ्याची भीती मात्र लोकांना उगाच जास्त वाटते. जूनपर्यंत खडखडीत वाळलेलं लाकूड श्रावणातल्या दमट हवेत थोडा ओलावा परत घेतं, पण झाकलेलं असेल तर १५-१६ टक्क्यांच्या वर सहसा जात नाही, आणि आश्विनाच्या उन्हात पुन्हा खाली येतं. नुकसान होतं ते थेट पावसानं आणि खालून चढणाऱ्या ओलीनं. वर पत्रा टाका, दोन्ही बाजूंनी वीत-वीत पुढे आलेला. बाजू उघड्या ठेवा. निळी ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळून बांधणं ही सर्वांत वाईट पद्धत: आतल्या आत वाफ धरते, बुरशी येते, आणि ऑक्टोबरात उघडून पाहावं तर लाकूड जूनपेक्षा ओलं. बाभळीच्या सालीखाली घुणकिडा लागतो, खाली पिवळट पीठ पडलेलं दिसतं. फोडतानाच जेवढी साल निघेल तेवढी काढून टाकली तर तो कमी होतो. असं लाकूड घराच्या तुळयांजवळ साठवू नका. आणि रांगेत हात घालण्यापूर्वी काठीनं आवाज करा, पावसाळ्यानंतर विंचू हमखास असतात, कधी सापही.

डिसेंबर-जानेवारीत मावठा येतो तेव्हा पत्र्याखालचं लाकूडही धुक्यानं वरून ओलसर होतं. त्यासाठी आठवडाभराचं जळण घरात आणून ठेवा, शेगडीपासून तीन फूट लांब. तेवढ्यानं वरवरची ओल जाते.

यंदाचं लाकूड पारखायच्या तीन खुणा सांगतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेले टणटण वाजतात, ओल्यांचा आवाज भद्द येतो. टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगा हव्यात. तिसरी आणि खरी खूण: टालीवरच एक तुकडा फोडायला लावा आणि आतला ताजा भाग गालाला लावून बघा. गार आणि ओलसर लागला तर तो ढीग सोडा. दोन टोकं टोचून ओलावा दाखवणारा मॉइश्चर मीटर मिळतो, स्वस्तातला चालेल, पण तोही फोडलेल्या आतल्या भागावरच लावायचा. वरून लावला तर सुकंच दाखवतो. घरच्या घरी करायचं तर रांगेतल्या चार तुकड्यांवर खूण करा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

शेगडीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी आहे, म्हणून इथे जरा सविस्तर बोलतो. तुम्ही धुराड्याची शेगडी म्हणालात, ते अगदी योग्य. पण ग्वाल्हेरात अजूनही कित्येक घरांत संध्याकाळी अंगणात उघडी सिगडी पेटवतात, धूर गेला, लाल निखारे झाले की उचलून खोलीत आणतात आणि दार लावून घेतात. धूर नाही म्हणजे धोका नाही असा समज आहे. खरं तर कार्बन मोनॉक्साइड त्या बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त ओढीनं चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. खोलीत पाण्याची वाटी ठेवली की वायू शोषला जातो असं सांगणारे भेटतील. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सासूबाईंच्या खोलीत उघडी सिगडी एक रात्रसुद्धा नको, कितीही गारठा असो. झोपण्याच्या वेळी रजई, गरम पाण्याची पिशवी, फार तर विजेचा तेलाचा हीटर.

लोखंडी शेगडी लोहिया बाजारात जाड पत्र्याची करून मिळते. दार घट्ट बसणारं, हवा कमी-जास्त करायची झडप आणि सहा इंची पाइप एवढं पाहा. उघड्या चुलाण्यात दहा-पंधरा टक्के उष्णता हाती लागते, बंद शेगडीत साठ टक्क्यांच्या वर. पाइप शक्यतो सरळ वर न्या, वळणं जेवढी कमी तेवढी धुराची ओढ चांगली. गच्चीतून बाहेर पडल्यावर निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत कठडा किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहून दोन फूट उंच. जुन्या वाड्यात खरा धोका सागवानी तुळयांचा आणि फळ्यांच्या पाटईचा आहे: उघडा पाइप लाकडापासून निदान दीड फूट दूर हवा. पटियातून भोक पाडायचं काम जाणत्या पाथरवटाकडूनच करून घ्या, पटियाच्या मधोमध नाही, भिंतीच्या आधाराजवळ. खोलीत हवा यायला एक झरोका कायम उघडा ठेवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मागवून लावा.

पेटवताना जाड लाकडं खाली, त्यावर बारीक, आणि सर्वांत वर मोहरीच्या नाहीतर तुरीच्या काड्या. काडी वरून लावायची. जाळ वरून खाली उतरतो, खालच्या लाकडाचा वायू ज्वाळेतून जातो आणि जळतो, धूर फारच थोडा होतो. मोहरीच्या काड्या मुरैना-भिंडकडे फाल्गुनात ढिगानं असतात, तेव्हाच दोन पोती भरून ठेवा. पाच-दहा मिनिटांनी गच्चीवर जाऊन धुराड्याकडे बघा. नुसती उष्ण हवा थरथरताना दिसली पाहिजे. पांढरा धूर दिसत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा झडप फार लवकर बंद केली आहे. हे शेजाऱ्यांसाठीही करायला हवं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत आपलं ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. जानेवारीच्या धुक्यात धूर गल्लीतच बसून राहतो. सासूबाईंना शेगडी पेटल्यावर खोकला वाढला असं दिसलं तर लाकडाचा हट्ट सोडा, त्यांच्या खोलीत विजेची सोय करा आणि लाकूड बंबापुरतं ठेवा.

राख काढताना घाई नको. वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून फरशीवर दोन दिवस ठेवा, प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या गाडीत लगेच टाकू नका. बागेत मूठ-मूठच टाका, आपल्याकडच्या मातीत क्षार आधीच पुष्कळ.

आणि बंब. त्याला वेगळं जळण लागतं: वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या चिपा आणि फोडताना निघालेल्या ढलप्या. टालीवर फोडकाम होताना खाली पडलेल्या ढलप्या पोत्यात भरून मागून घ्या, त्या जाड फोडींच्या आधी वाळतात. वापरण्यापूर्वी बंबाच्या मधल्या नळीतली काजळी खरवडून काढा आणि आतली कल्हई बघून घ्या. बंबालाही धूर असतो, म्हणून तो बंद न्हाणीघरात पेटवू नका. परसात पेटवून पाणी आत न्या.